मान्य म्हणण्याआधी

ते दिसायला कसे होते हे मला विचारू नका. मला जन्मापासून दिसत नाही. आमच्या ऑफिसातल्या अकाउंटच्या मॅडम सांगायच्या की ते अगदी बारीक आहेत, एक चष्मा नाकावर असतो आणि दुसरा कपाळावर, आणि कपाळावरचा ते सारखा शोधत असतात. मी त्यांना ओळखते ती आवाजावरून. जिन्यात डाव्या पायाची चप्पल जास्त वाजायची, खांद्यावरच्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर खुळखुळायचे, आणि खुर्चीत बसले रे बसले की तोंड सुरू व्हायचं. स्क्रीनवर उमटणारी प्रत्येक ओळ ते मोठ्यानं वाचायचे. प्रत्येक म्हणजे अक्षरशः प्रत्येक. थांबा म्हटलं असेल तर 'थांबा', टक्के चढत असतील तर 'एकोणीस टक्के, वीस टक्के, अडकलं, एकवीस'. नाशकात जिथे जिथे ते कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम घालायला जात, तिथे तिथे लोकांनी त्यांचं नाव एकच पाडलं होतं. पोथीवाले.

नाव पडलं त्याला कारण होतं ते करारपत्राचं. सिस्टिम घालताना सुरुवातीलाच एक भलंमोठं इंग्रजी करारपत्र समोर येतं आणि खाली 'मान्य' असं बटण असतं. जगातला कुठलाही माणूस ते न वाचता दाबतो. हे वाचायचे. पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत, आणि दर कलमानंतर मराठीत अर्थ. म्हणजे हे असं म्हणतात की तुमच्या मशीनमधलं काही गेलं तर ते जबाबदार नाहीत, कळलं ना? आणि शेवटी स्वतः बटण दाबायचेच नाहीत. मशीनच्या मालकाला बोलावून घ्यायचे, खुर्चीत बसवायचे आणि त्याच्याकडून दाबून घ्यायचे. मशीन तुमचं, तर मान्य तुम्ही म्हणा, मी कोण? गंगापूर रोडला एका वकिलांकडे असंच चाललं होतं. वकीलसाहेब वैतागले. म्हणाले, मी वकील असून ही असली कागदपत्रं वाचत नाही हो. हे शांतपणे म्हणाले, म्हणूनच मी वाचतो. आणि कलम सातवं सुरू केलं.

आणखी एक होतं. मशीनचं कॅबिनेट, म्हणजे त्याचं खोकं, उघडण्याआधी ते उठून मोरीत जायचे आणि नळाला हात लावून यायचे. लोकांना वाटायचं हात धुतात, काहींना वाटायचं कसलं तरी सोवळं आहे. तसं काही नव्हतं. अंगातली वीज नळावाटे उतरते, नाहीतर आतल्या भागांना झटका बसतो, असं त्यांचं म्हणणं. मला पुढे त्यांनी हे शिकवलं तेव्हा आधी नळापर्यंत चालत नेऊन आणलं.

ते मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं आपल्यासारखंच, पण मशीनला लागणारा ड्रायव्हर नावाचा एखादा प्रोग्राम सापडेना झाला की तोंडातून अहिराणी निघायची. 'कोठे शे रे तू?' असं ते अगदी लाडानं विचारायचे, हरवलेल्या वासराला विचारावं तसं. मशीनला अरे-तुरे, माणसाला मात्र अहो-जाहो. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला कायम ताई आणि तुम्ही.

आता माझं सांगते. मी निफाडची. घरी द्राक्षबाग आहे, माणसं मायेची आहेत, आणि त्या मायेनंच माझा जीव घुसमटायचा. घरात मला कुणी कशाला हात लावू द्यायचं नाही. पाण्याचा ग्लास हातात आणून देणार, ताट पुढ्यात आणणार, अंगणात जायचं तर चुलतभाऊ हात धरणार. वडिलांचं म्हणणं एकच, तुला कशाला हवी नोकरी, आम्ही आहोत ना. मी भांडून नाशकात आले, बायकांच्या हॉस्टेलवर राहिले आणि द्राक्ष परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात सीझनपुरती लागले. काम शेतकऱ्यांचे फोन घ्यायचं. कुणाची काढणी कधी, कुणाचा माल कधी येतोय, कुणाच्या बागेत तपासायला माणूस पाठवायचा, हे सगळं ऐकून कॉम्प्युटरवर नोंदवायचं. माझ्या मशीनमध्ये एक आवाज बसवलेला असतो, तो स्क्रीनवरचं मला वाचून दाखवतो. मी बोटांनी लिहिते आणि कानांनी वाचते. मालक म्हणाले, सीझन संपेपर्यंत बघू, जमलं तर पक्की करू. न जमलं तर निफाड, आणि पुन्हा हातात आणून दिलेला ग्लास. मला ते नको होतं. काहीही झालं तरी नको होतं.

दुसऱ्याच आठवड्यात घोळ झाला. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर नवी सिस्टिम घालायची होती. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी पोथीवाले येऊन काम करून गेले. मी सोमवारी येऊन बसले, हेडफोन लावला, बटणं दाबली, तर सगळं चिडीचूप. पुन्हा दाबली. काही नाही. फोन वाजायला लागले. पिंपळगावाकडचा एक जण म्हणतोय, ताई, माल भरून तयार हाय, गाडी कधी धाडता? आणि मला त्याचं नावसुद्धा उघडता येईना. अकाउंटच्या मॅडम येऊन डोकावल्या आणि म्हणाल्या, मशीन तर चालू आहे की, सगळं छान दिसतंय. खरंच होतं ते. ज्याला दिसतं त्याच्यासाठी ते मशीन ठणठणीत होतं.

त्यांना बोलावलं. जिन्यात चप्पल वाजली, पिशवी खुळखुळली, आणि माझ्या शेजारी बसून त्यांनी अख्खी स्क्रीन घडाघडा वाचून दाखवली. सगळं बरोबर आहे म्हणाले, प्रिंटर आहे, नेट आहे, अडचण काय? मी चिडले होते. रडूही येत होतं. म्हटलं, 'काका, तुम्ही वाचता ते मशीनच मला वाचून दाखवतं. त्याला आवाजच नाही. मी काय करू?'

ते गप्प झाले. हा माणूस गप्प झालेला तिथे कुणी कधी ऐकला नव्हता, त्यामुळे मॅडमही टाइप करायच्या थांबल्या. झालं होतं असं की आवाजाचा ड्रायव्हर त्या मशीनला सापडला नव्हता आणि ऑफिसात गाणी कोण ऐकतंय म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता. तीस वर्षं ते हेच करत आले होते. आधी स्क्रीन, मग नेट, मग प्रिंटर, आणि आवाज जमला तर जमला. माझी चूक शे, एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. मला मात्र उठू दिलं नाही. बसा, ऐका, म्हणाले. आणि आवाजाच्या कार्डावरचा बारीक नंबर कसा वाचायचा, तो कुठे शोधायचा, का सापडत नाही, हे सगळं बोलत राहिले. सिस्टिम बसली म्हणजे घरात नवी सून आली, तिला अजून कुणाची ओळख नाही. ड्रायव्हर म्हणजे ओळख करून देणारा माणूस. हा प्रिंटर बरं का, हे नेट. तुमच्या घरात तिला आवाजाची ओळखच मी करून दिली नाही. दुपारपर्यंत 'कोठे शे रे तू' चाललं होतं, आणि मग एकदम माझ्या कानात मशीन बोललं. मी तेव्हा खरोखर रडले. त्यांनी चहा मागवला, आणि तो स्वतः न घेता माझ्याकडे सरकवला.

त्यानंतर त्यांनी क्रमच बदलला. पहिला ड्रायव्हर आवाजाचा, मग बाकीचं. किराणावाल्याचं बिलाचं मशीन असो की दवाखान्याचं, आधी आवाज. लोक म्हणायचे, आम्हाला स्पीकरच नाही. हे म्हणायचे, असू द्या, तुमच्यानंतर या खुर्चीत कोण बसेल ते तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? लोकांना वाटायचं, म्हातारा आणखी बिघडला.

पण ऑफिसात व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच सोमवारी संध्याकाळी मालकांनी मला आत बोलावलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, तुम्ही फोन उत्तम घेता, शेतकरी खूश आहेत, पण मशीन बंद पडलं की तुम्हीही बंद पडता. दर वेळी डोळस माणूस लागलं तर सीझनात कसं चालायचं? बाहेर आले तर पोथीवाले जिन्यात उभे होते. काचेच्या दाराआडचं सगळं त्यांनी ऐकलं होतं आणि त्याची लाज वगैरे त्यांना वाटली नाही. म्हणाले, 'शनिवारी लवकर या. मशीन बंद पडलं तर तुम्हीच उभं करायचं. मी शिकवतो.'

मला वाटलं, बोलायला काय जातंय. शनिवारी सकाळी ते स्कूटरवर पायापाशी एक जुनं मशीन दोरीनं बांधून हजर. आणि तिथून पुढचे सगळे शनिवार तेच. आधी कॅबिनेट उघडून मला आतलं सगळं हातानं ओळखायला लावलं. माझा हात धरून कधी कुठे ठेवला नाही त्यांनी. डावीकडे, वर, आणखी वर, आता जी पट्टी लागली ती मेमरी, असं सांगायचे. मी चुकले तर चुकू द्यायचे. उभ्या जन्मात मला कुणी इतकं चुकू दिलं नव्हतं. सिस्टिम घालतानासुद्धा आवाज सुरू करता येतो, तीन बटणं एकदम दाबायची असतात, पण जुन्या मशीनला स्वतःचा आवाज सापडत नाही. त्यावर त्यांनी करंगळीएवढं एक साउंड कार्ड शोधून आणलं. ते बाहेरून खोचलं की कुठल्याही मशीनला कंठ फुटायचा. ते मशीन मी दहा-बारा वेळा पुसलं आणि पुन्हा उभं केलं.

आणि दर वेळी करारपत्र. दर वेळी. एकदा मी वैतागून म्हटलं, काका, आता मला पाठ झालंय हो. म्हणाले, पाठ झालेलंच तर बदलतात ते. मी डोक्याला हात लावला आणि पुन्हा पहिल्या कलमापासून ऐकलं.

एका शनिवारी विचारलंच, हे वाचायचं वेड कुठून लागलं? मग सांगितलं. पूर्वी ते पेठच्या एका मास्तरांकडे मशीन दुरुस्त करायला गेले होते. मास्तर पाड्यापाड्यावर फिरून म्हाताऱ्या बायकांकडून भाताच्या आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, जुन्या वाणांची माहिती लिहून घ्यायचे. कुठलं बी कुठल्या उतारावर लागतं, कधी पेरायचं, कसं राखायचं, बरीच वर्षं चाललेलं काम, सगळं त्या एका मशीनमध्ये. सिस्टिम घालताना स्क्रीननं स्वच्छ विचारलं होतं, डिस्कच्या या कप्प्यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? यांचा हात सवयीचा. न वाचता दाबलं. मास्तरांनी ते कळल्यावर काय केलं असेल? म्हणाले, असू द्या, म्हाताऱ्या आहेत अजून, परत विचारू. आणि यांना जेवायला वाढलं. 'शिवी दिली असती तर सुटलो असतो,' काका म्हणाले. पुढे ते स्वतः मास्तरांबरोबर पाड्यांवर परत लिहून घ्यायला गेले, वही घेऊन, रविवारच्या रविवार. पण दोघी जणी तोवर राहिल्या नव्हत्या. त्यांच्याकडचे वाण कुठले ते आता कुणालाच सांगता येत नाही, म्हणाले. त्या शनिवारी मी करारपत्र गुपचूप ऐकलं.

मार्च संपत आला होता. सीझन ऐन भरात, आणि एका सकाळी वीज दोन-तीनदा आली-गेली आणि माझं मशीन उठेना. मालकांना कळलं. त्यांचा सुस्कारा मला खुर्चीतून ऐकू आला. पोथीवाल्यांना बोलवा म्हणाले. मी म्हटलं, मी करते. ते म्हणाले, ताई, आज खेळायची वेळ नाही. मी म्हटलं, जेवणापर्यंत द्या. हो-नाही करता करता त्यांनी मान्य केलं. मॅडमनी मात्र पोथीवाल्यांना फोन लावलाच.

ते आले तोवर मी नळाला हात लावून येऊन खुर्चीत बसले होते. चप्पल माझ्यामागे येऊन थांबली. मालक म्हणाले, बरं झालं आलात, बसा आणि उरका. ते म्हणाले, ताईंचं चाललंय ना? मग मी चहा घेतो. आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसले. बसले ते गप्प. आयुष्यभर टक्के मोजत आलेला तो माणूस तिथे बसून होता, समोर स्क्रीनवर ओळी उमटत होत्या, आणि त्याच्या तोंडातून अक्षर निघत नव्हतं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. करारपत्र आलं, मी ते शेवटपर्यंत ऐकलं. सगळं ऑफिस चुळबुळत उभं होतं.

मग कप्प्यांची यादी आली. कुठल्या कप्प्यावर सिस्टिम घालायची ते निवडायचं. मी खालचा बाण दाबला, आणि ऐन त्या वेळी आवाज खरखरला आणि बुडाला. सरावाच्या मशीनवर मी नेहमी दुसरा कप्पा निवडायचे. बोटाला ते पाठ होतं. पण फेब्रुवारीत काकांनी माझ्या मशीनला नोंदींसाठी दुसरी डिस्क बसवली होती, आणि ती यादीत कुठे उभी आहे हे मी ऐकलेलं नव्हतं. बॅकअप होता, पण आठवड्यापूर्वीचा. मधल्या दिवसांतल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या तारखा त्या डिस्कवर होत्या. मॅडम म्हणाल्या, शनिवारी तर घडाघडा करता, दाबा की. मालकांच्या घड्याळाचा पट्टा वाजला, म्हणजे त्यांनी वेळ बघितली. मी एंटरवर बोट ठेवलं होतं.

मी बोट उचललं. म्हटलं, मला ऐकू आलं नाही, मी पहिल्यापासून करते. आणि मशीन बंद केलं.

कुणीतरी च्यक् केलं. मी ते करंगळीएवढं आवाजाचं कार्ड मशीनच्या पुढच्या भोकातून काढलं, ते सैल होतं, मागच्या भोकात खोचलं आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तीन बटणं, पुन्हा अख्खं करारपत्र. यादी आली. या वेळी आवाज स्वच्छ होता. दुसऱ्या जागेवर नोंदींची डिस्क होती. मी थोडी खाली गेले, बरोबर कप्पा धरला, आणि तेव्हा एंटर दाबलं. पुढे आवाजाचा ड्रायव्हर, मग नेट, मग बाकीचं. जेवणाची वेळ टळून गेली होती. मशीनचा स्वतःचा आवाज आला तेव्हा मी पहिला फोन उचलला. दिंडोरीकडचा शेतकरी होता, सकाळपासून तीनदा लावला म्हणून ओरडत होता. मी त्याची तारीख वाचून सांगितली.

मॅडमनी मला नंतर सांगितलं, की ते भिंतीकडे बसले ते बोर्डाजवळ, आणि मी एंटरवर बोट ठेवलं तेव्हापासून त्यांचा हात वीज तोडायच्या बटणावर होता. मी दाबलं असतं तर त्यांनी मशीनच बंद पाडलं असतं. डिस्क त्यांनीच बसवलेली, ती कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. एका शब्दात सांगता आलं असतं. ते गप्प राहिले, आणि मला माझं मी थांबू दिलं. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या वडिलांनीही कधी टाकला नव्हता.

मालकांनी त्याच संध्याकाळी मला पक्कं केलं. काकांना विचारलं, तुम्ही कितपत मदत केलीत? ते म्हणाले, मी चहा घेतला. पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. तोवर आमच्या ऑफिसची सगळी मशीनं त्यांच्याकडे होती, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. त्या दिवसानंतर ते एकदाही आले नाहीत. मी फोन करायचे, ते भरभरून बोलायचे, करारपत्रात नवीन काय घातलंय ते सांगायचे, पण येत नव्हते. मला वाटायचं, दमले असतील. पुढे ते सटाण्याला भावाकडे राहायला गेले. तिथल्या कांद्याच्या आडतवाल्यांना आता ते करारपत्रं वाचून दाखवतात असं ऐकते.

ते का येत नव्हते ते मला कळलं त्याआधी, जूनमध्ये. अकाउंटच्या मॅडमचं मशीन बंद पडलं. या मॅडम तशा प्रेमळ, पण मला काही विचारायचं असेल तर त्या शेजारच्याला विचारायच्या. ही चहा घेईल का, हिला पंखा लागतो का. त्यांनी पोथीवाल्यांना फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकला. रडकुंडीला येऊन सगळी हकीकत सांगितली, आजच्या आज या म्हणाल्या.

पलीकडून तो घोगरा आवाज आला. 'मी कशाला? तुमच्या ऑफिसात माणूस आहे की.'

कोण, असं त्या विचारतायत तोवर फोन बंद झाला होता. मॅडमनी पुन्हा लावला, काकांनी उचलला नाही. मग खुर्ची सरकली. पावलं माझ्या टेबलापर्यंत आली आणि माझ्यासमोर थांबली. नेहमीसारखं शेजारच्याला काहीतरी विचारलं जाईल म्हणून मी वाट बघत होते.

'ताई,' मॅडम मलाच म्हणाल्या, 'माझं मशीन बघता का?'

मी हेडफोन काढून ठेवला आणि उठले.